अश्वही आपण, आरोहीही आपण : शहरातील सायकल-प्रवासाचा आयुर्वेदीय विचार

चिकित्सालयात येणाऱ्या मध्यमवयीन रुग्णांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "डॉक्टर, ऑफिसला सायकलने जाऊ का?" प्रश्न विचारणारा बहुधा स्थूल असतो. नुकतीच रक्तशर्करा वाढलेली आढळलेली असते, आणि कुणीतरी मित्राने उत्साहाने त्याला सायकल घ्यायला लावलेली असते. अनेक वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देत आलो, "अवश्य." चरकाचार्यांनी विमानस्थानात मेदोवह स्रोतसाच्या दुष्टीची कारणे सांगताना अव्यायामाला प्रथम स्थान दिले आहे. रुग्ण व्यायामास प्रवृत्त होत आहे, त्याला अडवायचे कशाला, असा माझा सरळ हिशेब होता. हा हिशेब अपुरा होता, हे मला दोन रुग्णांनी शिकविले.

पहिले गृहस्थ बँकेत नोकरीस, वय ५२, कफप्रधान प्रकृती, प्रमेहाचे निदान होऊन वर्ष झालेले. कोथरूडमधील डहाणूकर कॉलनीतून पुण्याच्या कॅम्प भागात ते सायकलने जाऊ लागले. एका वेळचे अंतर सुमारे नऊ किलोमीटर. पाच महिन्यांत त्यांचे वजन सात किलो उतरले, एचबीए१सी ८.१ वरून ६.९ वर आले, औषधांची मात्राही मी कमी केली. त्यांच्या प्रगतीचा दाखला मी इतर रुग्णांना देत असे. सहाव्या महिन्यात ते आले ते खाली मान घालूनच. तीन आठवडे शौचाच्या वेळी रक्त पडत होते. शिवाय सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची करंगळी व अनामिका बधिर वाटत असे. "इतके दिवस का सांगितले नाही?" असे विचारता ते म्हणाले, "तुम्ही सायकल बंद करायला सांगाल, ही भीती होती."

दुसरा रुग्ण एकोणतीस वर्षांचा संगणक अभियंता. विचर्चिकेसाठी त्याला विरेचन दिले होते. संसर्जनक्रमाच्या तिसऱ्या दिवशी तो सायकलवरून निघाला, गतिरोधकावर तोल गेला आणि मनगटाचे हाड मोडले. वाहन चालवायचे नाही, हे त्याला बजावले होते. तो अगदी निरागसपणे म्हणाला, "पण डॉक्टर, सायकल म्हणजे वाहन थोडेच?" त्याच्या लेखी वाहन म्हणजे मोटारसायकल. या उत्तरावर मला प्रथम राग आला. नंतर लक्षात आले की माझ्या डोक्यातही सायकल 'व्यायाम' याच कप्प्यात ठेवलेली होती, 'यान' या कप्प्यात नव्हती. मग त्याला दोष कसा द्यावा?

संहिताकारांच्या काळी सायकल नव्हती, हे उघडच आहे. परंतु यानांचा विचार त्यांनी विस्ताराने केला आहे, आणि तो आज पुन्हा वाचला असता आश्चर्य वाटते. चरकाचार्यांनी वातव्याधीच्या निदानात हत्ती, उंट, घोडा व शीघ्रगामी यान यांचा आणि त्यांवरून पडण्याचा निर्देश केला आहे. अर्शाच्या निदानात उकिडवे, विषम व कठीण आसन आणि हिसके देणारे यान यांचा स्पष्ट उल्लेख आहे. भगंदराच्या कारणांत घोड्याची पाठ आली आहे. याउलट सुश्रुताचार्य प्रमेहाच्या चिकित्सेत, व्याधी वाढला असता व्यायाम, कुस्ती, क्रीडा यांच्या जोडीला हत्ती, घोडे, रथ यांवरील संचार सांगतात. म्हणजे एकच कर्म एका ठिकाणी हेतू आणि दुसऱ्या ठिकाणी चिकित्सा. माझ्या त्या बँकेतील रुग्णाच्या शरीरात ही दोन्ही वचने एकाच वेळी खरी ठरली होती. प्रमेह उतरला, अर्श वर आले.

याची उपपत्ती मला अशी वाटते. घोड्यावर बसणाऱ्यास श्रम थोडे आणि क्षोभ अधिक. पायी चालणाऱ्यास श्रम अधिक आणि क्षोभ जवळजवळ नाही. सायकल हे असे एक यान आहे की त्यात अश्वही आपण आणि आरोहीही आपणच. पाय घोड्याचे काम करतात, तर कटी, गुद, वंक्षण, मनगटे आणि ग्रीवा आरोहीचे भोग भोगतात. म्हणून सायकलीचा विचार करताना व्यायामाचे गुणदोष आणि यानाचे गुणदोष वेगवेगळे मांडले पाहिजेत. लोक पहिल्याचीच चर्चा करतात.

व्यायाम म्हणून

लाघव, कर्मसामर्थ्य, दीप्ताग्नी, मेदाचा क्षय ही व्यायामाची फले प्रत्येक वैद्यास मुखोद्गत असतात. त्यावर अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. सायकलीचे विशेष सांगायचे तर दोन सांगेन. एक म्हणजे देहाचा भार सीटवर येत असल्याने स्थूल व्यक्तीच्या गुडघ्यांवर चालण्याइतका किंवा धावण्याइतका ताण येत नाही. संधिवाताच्या आरंभी गुडघे दुखत असलेल्या रुग्णास चालायला सांगावे तर तो चार दिवसांत परत येतो. त्याला सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरमध्ये सायकल झेपते. दुसरे म्हणजे नियमितता. व्यायामशाळेची वर्गणी भरून तिकडे न फिरकणारे शेकडो सापडतात, परंतु कामावर तर रोज जावेच लागते. व्यायाम हा दिनचर्येचा भाग आहे, हे वाग्भटाचार्यांचे सांगणे या एका गोष्टीने आपोआप पाळले जाते.

आधुनिक संशोधनही या बाबतीत अनुकूल आहे. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक व्यक्तींच्या निरीक्षणावर आधारित एक अभ्यास २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण, मोटारीने वा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, मुळात निरोगी माणसेच सायकल चालवीत असतील, ही शंका रास्तच आहे. तरीही आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र त्याच समूहावरील २०२० सालचा दुसरा अभ्यास तितक्या उत्साहाने सांगितला जात नाही. त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांना इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळला. हे ब्रिटनमधील रस्त्यांचे चित्र आहे. आपल्या रस्त्यांविषयी वाचकांनी स्वतःच अनुमान करावे.

मात्रेचा प्रश्न येथे येतो. अर्धशक्तीची मर्यादा आपण सर्वांना सांगतो, पण प्रवासात ती पाळणे कठीण. व्यायामशाळेत दम लागला की थांबता येते. ऑफिसची वेळ दहाची असेल आणि वाटेत चढ असेल तर माणूस थांबत नाही. कोथरूडकडून नदीच्या दिशेने जाताना उतार लागतो, त्यामुळे सकाळी सारे सोपे वाटते. संध्याकाळी दिवसभराचा थकवा घेऊन, रिकाम्या पोटी, तोच चढ चढावा लागतो. श्वास तोंडावाटे येऊ लागणे, कपाळ, नाक, काखा व सांधे यांना घाम सुटणे, मुखशोष, ही अर्धशक्तीची लक्षणे टीकाकारांनी दिली आहेत. मी रुग्णांना यातील पहिलेच लक्षण सांगतो. तोंडाने श्वास घ्यावा लागला की खाली उतरून सायकल हाताने ढकलावी. चढावर सायकल ढकलण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीस होते आणि तीस वर्षे सायकलने गेले. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळी कामगारांचे थवेच्या थवे त्या रस्त्याने जात. सायकलीला बिल्ला, घंटी आणि रात्री दिवा असल्याखेरीज निघायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता, आणि चढ आला की सारे मुकाट्याने उतरून चालत, हेही त्यांनीच सांगितले.

रिकाम्या पोटाचा उल्लेख मुद्दाम केला. भुकेलेल्या अवस्थेतील व्यायाम हे प्राणवह स्रोतसाच्या दुष्टीचे कारण म्हणून चरकाचार्यांनी नोंदविले आहे, आणि भोजनानंतर लगेच व्यायाम सुश्रुताचार्यांनी निषिद्ध मानला आहे. म्हणजे वेळ मधली साधावी लागते. निघण्यापूर्वी तासभर आधी थोडे, हलके, पण स्निग्ध खावे. स्निग्ध या शब्दावर माझा भर आहे. व्यायाम बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसाठी सांगितला आहे, हे आपण वाचतो आणि विसरतो. सध्या वजन उतरविण्याच्या नादात तूप-तेल पूर्ण सोडून, कच्च्या भाज्या व कोरडे पदार्थ खाऊन, त्यावर रोज वीस-वीस किलोमीटर सायकल दामटणारे तरुण माझ्याकडे येतात. मलावष्टंभ, निद्रानाश, सांध्यांतून आवाज, केसगळती, अशी वातप्रकोपाची सारी लक्षणे घेऊन येतात. त्यांना सायकल सोडायला सांगावी लागत नाही. पुष्कळदा जेवणात दोन चमचे तूप आले की अर्धी तक्रार जाते.

यान म्हणून

सिद्धिस्थानाच्या शेवटच्या अध्यायात चरकाचार्यांनी पंचकर्मोत्तर काळातील आठ महादोषकर भाव सांगितले आहेत. रथक्षोभ हा त्यांपैकी एक. रथक्षोभाने होणाऱ्या विकारांची यादी वाचताना ती जणू एखाद्या सायकलस्वाराला समोर बसवून लिहिली आहे असे वाटते. संधिशैथिल्य, नितंब, कुशी, वंक्षण, वृषण, कटी व पाठ यांच्या वेदना, खांदे व मान यांचे दौर्बल्य, पायांना सूज, बधिरता, आध्मान, आंत्रकूजन. बँकेतील त्या रुग्णाच्या बधिर करंगळीचे कारण आधुनिक शास्त्रानुसार हँडलच्या दाबाने तळहाताच्या कडेची नाडी दबणे हे आहे. सीटच्या दाबामुळे गुद-वृषणांमधील भागात येणारी बधिरता हीही परिचित गोष्ट आहे. पुरुष रुग्ण ती संकोचाने सांगत नाहीत, आपणच विचारले पाहिजे.

अस्थिवह स्रोतसाच्या दुष्टिहेतूंतही अतिसंक्षोभ आणि अस्थींचे विघट्टन येते. संक्षोभ किती होणार, हे रस्त्यावर अवलंबून आहे. म्हणून हल्ली मी रुग्णास प्रकृती व अग्नी यांच्या जोडीला रस्ताही विचारतो. पुण्यात १९७० च्या दशकात बांधलेला जंगली महाराज रस्ता अनेक दशके खड्ड्यांविना टिकला, याची कथा पुणेकर अभिमानाने सांगतात. ज्याचा मार्ग तसा असेल त्याला एक सल्ला, आणि ज्याच्या मार्गात पाच-सहा गतिरोधक व सिमेंटच्या ठोकळ्यांची वाट असेल त्याला दुसरा. शहरात काही ठिकाणी स्वतंत्र सायकल-मार्ग आखले गेले. २००६ नंतर बीआरटीच्या कामाबरोबर काही झाले, २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडाही संमत केला. पण पुष्कळ ठिकाणी त्या मार्गावर दुचाकी उभ्या असतात किंवा पथारी मांडलेली असते, आणि सायकलस्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर येतो. त्याच सुमारास आलेल्या भाड्याच्या रंगीत सायकली थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. आता कर्वेनगरमध्ये सायकलींचे सुंदर संग्रहालय आहे. एके काळी रस्त्यावर होते ते संग्रहालयात गेले, असे मनात येतेच. असो.

गर्भिणीच्या संदर्भात तर शंकेला जागाच नाही. उकिडवे, विषम, कठीण आसन आणि अति क्षोभ करणारी याने ही गर्भोपघातकर म्हणून शारीरस्थानात सांगितली आहेत. पाश्चात्त्य देशांत गर्भवती स्त्रिया सायकल चालवितात, असे सांगणारी एक रुग्णा मला भेटली. तिकडचे रस्ते तिने सोबत आणले असते तर मी पुनर्विचार केला असता.

वारा, धूळ, ऋतू

श्वासव्याधीच्या निदानात रज, धूम व वारा यांचा निर्देश आहे. सायकलस्वाराचा श्वास जलद व खोल चाललेला असतो. या विषयावर २०१६ साली केंब्रिज येथील संशोधकांच्या पुढाकाराने झालेले एक गणित उद्बोधक आहे. जगातील बहुसंख्य शहरांत सायकलीचा लाभ प्रदूषणाच्या हानीपेक्षा अधिकच राहतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. परंतु हवेतील पीएम २.५ कणांचे प्रमाण दिल्लीइतके, म्हणजे घनमीटरला सुमारे १५३ मायक्रोग्रॅम असेल, तर रोज तीस मिनिटांपलीकडे वाढीव लाभ मिळत नाही आणि पंचेचाळीस मिनिटांनंतर हानी लाभाहून अधिक होते. पुण्याची हवा वर्षभर दिल्लीसारखी नसते, पण कर्वे रस्त्यावर मेट्रोचे काम चालू असतानाची वर्षे आठवली की मात्रेचा हा विचार आपल्यालाही लागू होता हे पटते. मात्रा हा तर आपलाच शब्द.

सुश्रुताचार्यांनी प्रतिमर्श नस्याच्या कालांत 'घरातून बाहेर पडताना' हा काल दिला आहे, आणि त्याचे फल म्हणून नासास्रोतस ओलसर राहिल्याने धूळ व धूर बाधत नाहीत, असे सांगितले आहे. मी स्वतः रोज निघताना दोन-दोन थेंब अणुतेल घेतो. नाक कोरडे पडणे, शिंका, घशाची खवखव यांत मला व रुग्णांना स्पष्ट उपशय मिळाला आहे. तथापि पीएम २.५ सारखे सूक्ष्म कण तेलाच्या थेंबाने अडतात, असे मी कुणाला सांगत नाही, आणि कोणत्याही वैद्याने सांगू नये. तमकश्वासाच्या रुग्णास गर्दीच्या रस्त्याने सायकल नको, एवढे निःसंदिग्ध सांगावे.

ऋतूंच्या बाबतीत खरी अडचण उभी राहते. चरकाचार्यांनी वर्षा ऋतूत व्यायाम वर्ज्य सांगितला, वाग्भटाचार्यांनी ग्रीष्मात वर्ज्य केला. सुश्रुताचार्य मात्र अर्धशक्तीने सर्व ऋतूंत करावा असे म्हणतात. नोकरी बारा महिने चालते, तेव्हा सायकलस्वार नकळत सुश्रुतमताचा अनुयायी होतो. एप्रिल-मे महिन्यांत मी सकाळी नऊनंतरची सायकल बंद ठेवावयास सांगतो. पावसाळ्यात व्यायामाच्या निषेधापेक्षा पाण्याखाली दडलेल्या खड्ड्याचे भय मला अधिक वाटते. राहिला हेमंत-शिशिर, बलाचा व अग्नीचा सर्वोत्तम काळ. दुर्दैव असे की शहरात थंडीच्या सकाळी हवा जमिनीलगत कोंडते आणि धूर तिच्यातच साचून राहतो. शरीर व्यायामास सर्वाधिक योग्य आणि हवा सर्वाधिक अयोग्य, असा पेच संहिताकारांपुढे नव्हता. तो आपल्याला सोडवायचा आहे. माझा तात्पुरता तोडगा असा, की हेमंतात मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांनी, थोडे लांब पडले तरी, जावे.

घामाविषयी एक सूचना अवश्य द्यावी. स्वेदवह स्रोतसाच्या दुष्टीत अतिव्यायाम, अतिसंताप, शीत-उष्णाचे क्रम सोडून सेवन आणि क्रोध, शोक, भय ही कारणे आहेत. घामाने निथळत वातानुकूलित कार्यालयात शिरणे हे शीतोष्णाच्या व्युत्क्रमाचे नमुनेदार उदाहरण. दहा मिनिटे जिन्यापाशी बसावे, अंग पुसावे, सदरा बदलावा, मग आत जावे. क्रोध व भय यांसाठी मात्र माझ्याकडे औषध नाही. मागून कर्कश हॉर्न वाजवीत अंगावर येणाऱ्या डंपरपुढे सत्त्वबल कितीसे पुरणार?

बँकेतील त्या गृहस्थांची सायकल मी बंद केली नाही. तीन आठवडे विश्रांती, अर्शाची चिकित्सा, कोष्णजलाचे अवगाहन, कटी व मनगटांना तिळतेलाचा अभ्यंग असा क्रम ठेवला. नंतर त्यांना सायकल घेऊनच चिकित्सालयात बोलाविले. सीट अरुंद, टणक, आणि पुढच्या बाजूने वर उचललेली होती. ती इतकी खाली होती की पायडल तळाशी असतानाही गुडघा बराच वाकलेला राही. हँडल दूर असल्याने सारा भार तळहातांवर येत होता. शेजारच्या सायकल दुकानातून पाना मागवून मी सीट सपाट केली, दोन बोटे वर घेतली, आणि त्यांनी रुंद, मऊ सीट बसवून घेतली. आता ते सकाळी आतल्या रस्त्यांनी डेक्कनपर्यंत सायकल नेतात, तेथून पुढे बसने जातात. एकूण सायकल रोज चाळीस मिनिटांच्या आत राहते. वैशाखात व मुसळधार पावसात घरूनच बस. वजन आणखी उतरलेले नाही. एचबीए१सी मागील दोन तपासण्यांत ७.० व ६.९ आहे, रक्तस्राव थांबला आहे, करंगळीची बधिरता गेली आहे, अनामिकेत क्वचित मुंग्या येतात.

संगणक अभियंत्याचे मनगट जुळले. पंचकर्माच्या रुग्णांना देण्याच्या सूचनापत्रकात 'वाहन चालवू नये' या वाक्यापुढे मी कंसात 'सायकलसुद्धा' असे छापून घेतले आहे.